बीटा मिळवायला धडपड, दोन आठवड्यांत अनइन्स्टॉल: गेमचे बीटा टेस्टर्स वैतागून का सोडतात?

नवीन गेमचा बीटा सुरू होणार म्हटलं की ग्रुपवर लिंक फिरायला लागतात. 17 जून 2021 ला बीजीएमआयचा अर्ली ॲक्सेस अँड्रॉइडवर सुरू झाला, तेव्हा जागा इतक्या पटकन भरल्या की अनेकांना प्ले स्टोअरवर 'बीटा भरला आहे' एवढंच वाचायला मिळालं. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीच्या 'इंडस बॅटल रॉयल'साठी तर रिलीजच्या आधीच 1 कोटीच्या वर लोकांनी नोंदणी केली होती. थोडक्यात, बीटात शिरायला गर्दी असते.

पण दोन आठवड्यांनी त्याच ग्रुपवर विचारा, "अजून कोण खेळतंय?" उत्तर येत नाही. बहुतेकांनी गेम काढून टाकलेला असतो.

असं का होतं? 'गेममध्ये बग असतात म्हणून' हे सोपं उत्तर आहे, पण ते अपुरं आहे. बीटात बग असणार हे सगळ्यांनाच माहीत असतं. मी गेम कंपनीत नाही, मोबाईल ॲप बनवणाऱ्या टीममध्ये आहे. पण टेस्टरने पाठवलेल्या रिपोर्टचा प्रवास दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. तो समजला की वैतागाचं कारणही समजतं.

बीटा म्हणजे नेमकं काय?

सॉफ्टवेअर आधी कंपनीतले लोकच वापरून बघतात, त्याला ढोबळमानाने अल्फा म्हणतात. मग ते बाहेरच्या खऱ्या लोकांच्या हातात देतात, तो बीटा. क्लोज्ड बीटात निवडक लोक असतात, ओपन बीटात जागा असेपर्यंत कोणीही येऊ शकतो. ॲपलच्या टेस्टफ्लाइटवर एका ॲपसाठी बाहेरचे जास्तीत जास्त 10,000 टेस्टर घेता येतात आणि प्रत्येक बिल्ड 90 दिवसांनी बंद पडते.

म्हणजे बीटा हे काम आहे. पण जाहिरात मात्र 'सगळ्यात आधी खेळा' अशी केली जाते. जीमेल 2004 मध्ये आलं आणि 2009 पर्यंत त्यावर 'बीटा' लिहिलेलं होतं. पाच वर्षं लोकांनी ते रोजच्या कामाला वापरलं. अशाने बीटा म्हणजे 'जवळपास तयार वस्तू' असा आपला समज झाला. आपण खेळायला जातो, कंपनीला तपासणी हवी असते, आणि हे दोघांनी एकमेकांना नीट सांगितलेलं नसतं. पहिली ठिणगी इथेच पडते.

रिपोर्ट पाठवला, पुढे काय?

अकोल्याचा माझा मावसभाऊ एका शूटिंग गेमच्या बीटात होता. गेमचं नाव मुद्दाम देत नाही. सोडल्यावर मला म्हणाला, "दादा, बग सांगू सांगू थकलो मी. गेम खराब हाय त्याचं काई नाई, पण समोरून कोणी साधं 'हाव' सुदीक म्हनत नाई."

माझ्या मते या एका वाक्यात सगळा विषय आला. आता पलीकडच्या बाजूला काय चालतं ते बघू.

गेम क्रॅश झाला तर त्याची नोंद बहुतेक वेळा आपोआप कंपनीकडे जाते. कोडच्या कोणत्या ओळीवर गेम पडला त्यावरून एकसारखे क्रॅश आपोआप एका गटात जमा होतात. 'या ठिकाणी 300 लोकांचा गेम पडला' असं टीमला थेट दिसतं आणि ते काम आधी हाती घेतलं जातं. त्यानंतर लॉगिन न होणं, प्रोग्रेस सेव्ह न होणं, मग लॅग, आणि सगळ्यात शेवटी बंदुकीचा रंग चुकीचा दिसणं असा साधारण क्रम असतो.

'गेम लय अटकते' असा लिहिलेला रिपोर्ट मात्र कुठल्याच गटात बसत नाही. तो कोणीतरी वाचावा लागतो आणि तसे हजारो असतात. शिवाय तुम्ही खेळता ती बिल्ड टीमसाठी जुनी झालेली असते. तुम्ही सांगितलेला बग कदाचित आतल्या बिल्डमध्ये दुरुस्तही झालेला असेल, पण ती बिल्ड तपासून तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर तुम्हाला तोच बग रोज दिसतो.

म्हणजे शांतता हा दर वेळी दुर्लक्षाचा पुरावा नसतो. पण टेस्टरला हे कळणार कसं? त्यात प्ले स्टोअरवर बीटा वापरणाऱ्याचं मत सगळ्यांना दिसत नाही, ते फक्त डेव्हलपरकडे जातं. इतर कोणाला हाच त्रास होतोय का, हेही कळायला मार्ग नाही. फुकट काम करणारा माणूस पैशांवाचून राहील, पण पोच मिळाली नाही तर राहत नाही.

डेटा पॅक आणि पुसलेली मेहनत

समजा बीटाची बिल्ड 2 जीबीची आहे आणि आठवड्यात तीन वेळा सगळं नव्याने डाउनलोड करावं लागलं. झाले 6 जीबी. रोज 1.5 जीबी मिळणाऱ्या पॅकवर हा चार दिवसांचा पूर्ण डेटा आहे. घरी वायफाय असणाऱ्याला हा खर्च जाणवत नाही. अमरावतीत रूम करून राहणाऱ्या, हॉटस्पॉट वाटून घेणाऱ्या पोराला तो जाणवतो.

दुसरा खर्च वेळेचा. बऱ्याच बीटांमध्ये शेवटी लेव्हल, स्किन सगळं पुसतात. त्याला 'वाइप' म्हणतात. तांत्रिक कारण असतं: टेस्टिंगमध्ये आकडे बदलत राहतात, चुकीने जास्त मिळालेली नाणी तशीच ठेवली तर खरा गेम पहिल्या दिवसापासून असमान होतो. पण हे आधी न सांगता केलं की महिनाभर जागणारा टेस्टर दुखावतो. बीजीएमआयच्या अर्ली ॲक्सेसमध्ये डेटा अंतिम गेममध्ये कायम राहील असं आधीच जाहीर केलं होतं. नियम कोणताही असो, तो पहिल्या दिवशी माहीत असला की चिडायचं कारण उरत नाही.

रिकामी लॉबी

हे एक दुष्टचक्रच आहे. बॅटल रॉयलच्या एका मोठ्या मॅचला 100 खेळाडू लागतात. समजा बीटात 5,000 जण आहेत आणि दुपारी 2 वाजता त्यातले 2 टक्के ऑनलाइन आहेत. झाले बरोबर 100. त्यात कोणी सोलो, कोणी स्क्वाड, कोणी नवखा, कोणी मुरलेला. मॅच लागतच नाही, किंवा लागली तर निम्मे बॉट. कंटाळून 20 जण निघून जातात, मग उरलेल्यांना आणखी थांबावं लागतं आणि तेही निघतात. अशा वेळी गेम चांगला असूनही बीटा ओस पडतो. म्हणून काही कंपन्या बीटा दिवसभर चालू न ठेवता ठरावीक तासांपुरताच उघडतात.

मे महिना, अकोला आणि तापलेला फोन

आता आपल्या भागाचा खास मुद्दा. आयफोनसाठी ॲपलने सांगितलेलं वापराचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस आहे. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. गेम खेळताना प्रोसेसर तापतोच, वर हवाही तापलेली. मग फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. 60 एफपीएससाठी प्रत्येक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. वेग कमी झाला की ते जमत नाही आणि गेम अडकायला लागतो.

हाच रिपोर्ट एसी ऑफिसमधल्या इंजिनिअरकडे जातो. तो त्याच मॉडेलच्या फोनवर गेम चालवतो, तर सगळं व्यवस्थित. रिपोर्टवर शेरा पडतो, 'आमच्याकडे असं होत नाही'. इंजिनिअरही खरं बोलतोय आणि टेस्टरही. पण टेस्टरला वाटतं, आपल्याला खोटं ठरवलं.

नेटवर्कचंही तसंच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. अमरावतीहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचं अंतर साडेसहाशे किलोमीटर धरलं, तर जाऊन यायला 7 मिलिसेकंदही लागत नाहीत. बाकीचा पिंग येतो मोबाईल टॉवरवरच्या गर्दीतून आणि डेटाने घेतलेल्या वळणावळणाच्या रस्त्यातून. त्यात बीटाचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर फक्त मुंबई ते सिंगापूर जाण्यायेण्यातच किमान 39 मिलिसेकंद जातात. म्हणून 'पिंग जास्त आहे' एवढं सांगून उपयोग नाही, तो कुठून वाढतोय हे कळायला हवं.

वैतागलेले गेले की ग्राफ सुधारतो

हा भाग नीट वाचा, कारण आपलं खरं नुकसान इथे होतं.

समजा बीटात 1,000 टेस्टर आहेत. 800 जणांकडे चांगले फोन, रोज त्यातल्या 8 जणांचा गेम क्रॅश होतो. 200 जणांकडे 3 जीबी रॅमचे फोन, त्यातल्या 50 जणांचा क्रॅश होतो. एकूण 58, म्हणजे 5.8 टक्के. वाईट आकडा.

आता 3 जीबीवाले 180 जण वैतागून निघून गेले. उरले 20, त्यातल्या 5 जणांचा क्रॅश होतो. आता एकूण 820 पैकी 13, म्हणजे 1.6 टक्के. ग्राफ छान खाली आला! पण कोडची एक ओळही बदललेली नाही. फक्त ज्यांना त्रास होता ते मोजणीतून गेले.

क्रॅशचा हा आकडा महत्त्वाचा असतो. साधारण 1.09 टक्क्यांहून जास्त वापरकर्त्यांना क्रॅश दिसत असेल तर गूगल प्ले त्या ॲपला स्टोअरवर कमी पुढे आणू शकतं. एखाद्या विशिष्ट फोन मॉडेलसाठी ही मर्यादा 8 टक्के आहे. म्हणून टीमचं लक्ष आकड्यावर असतं. सावध टीम प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा बघते आणि कोण सोडून गेलं हेही मोजते. घाईतली टीम फक्त एकूण आकडा बघते आणि खूश होते. मग गेम येतो तो ज्यांचे फोन महाग आणि ज्यांच्या खोलीत एसी त्यांच्यासाठी तपासलेला. आपण म्हणतो, "हा गेम आपल्या फोनवर चालतच नाही."

मग काय करायचं?

'गेम लय अटकते' याऐवजी असा रिपोर्ट लिहून बघा:

"फोनचं मॉडेल अमुक, 4 जीबी रॅम, अँड्रॉइड 13, गेमची बिल्ड 0.9.4. अमरावती, 4जी, दुपारी 3 वाजता, बाहेर 44 अंश, खोलीत कूलर. सलग तिसऱ्या मॅचला, साधारण 40 मिनिटांनी, एफपीएस 60 वरून 25 वर आला. चारपैकी तीन वेळा झालं. फोन 15 मिनिटं थंड ठेवल्यावर पुन्हा नीट चालला."

लिहायला दोन मिनिटं लागतात, पण आता इंजिनिअरला कळतं की शोध कुठे घ्यायचा. आणखी काही गोष्टी:

- एका रिपोर्टमध्ये एकच बग सांगा. पाच एकत्र लिहिले तर चार हरवतात.
- वाइप होणार का आणि बीटा कधी संपणार, हे सामील होण्याआधी वाचा.
- स्क्रीन रेकॉर्डिंगला परवानगी आहे का बघा. क्लोज्ड बीटात बऱ्याचदा नसते.
- बीटात पैसे खर्च करण्याआधी ते पुढे टिकणार का याची खात्री करा.
- सोडायचं ठरलं तर जाताना कारण लिहा. 'फोन तापतो म्हणून सोडतोय' हे एक वाक्य नुसत्या अनइन्स्टॉलपेक्षा खूप जास्त सांगतं. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर खाली बीटा सोडायचा पर्याय असतो. तो वापरून, गेम काढून पुन्हा टाकला की नेहमीची आवृत्ती मिळते.

कंपन्यांनाही फार मोठं काही करायचं नाही. 'हे बग आम्हाला माहीत आहेत' अशी यादी, पुढच्या बिल्डची अंदाजे तारीख आणि दुरुस्तीसोबत 'हे टेस्टर्सनी सांगितलं होतं' अशी एक ओळ. 'बाल्डर्स गेट 3' हा पीसी गेम ऑक्टोबर 2020 ते ऑगस्ट 2023 असा जवळपास तीन वर्षं अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि त्यात कथेचा फक्त पहिला अंक खेळता येत होता. तरी लोक टिकले, कारण प्रत्येक अपडेटसोबत काय बदललं ते त्यांना कळत होतं.

पुढचा बीटा मिळाला आणि फोन जुना असेल, तर लगेच काढून टाकू नका. त्या बीटात टीमला सगळ्यात जास्त गरज तुमच्याच फोनच्या रिपोर्टची असते. निदान एक नीट रिपोर्ट पाठवा. मग थांबायचं की सोडायचं, ते खुशाल ठरवा.