पाच गोळ्यांवरून लॉट निवडू नका : काडतुसं, नेमबाजी आणि सॅम्पल साइज

भुसावळजवळच्या वरणगावला आयुध निर्माणी आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. तिथे सैन्याच्या रायफलींसाठी 5.56 आणि 7.62 मिमीची काडतुसं बनतात. काडतूस कुठलंही असो, त्याच्या खोक्यावर लॉट नंबर असतो, जसा कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर असतो. कंपनी तीच, वाण तेच, पण लॉट बदलला की उगवण थोडी बदलते. काडतुसाचंही तसंच आहे. म्हणूनच अचूक नेमबाजीसाठी काडतूस निवडणं हा मुळात संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्याने तो एकदा नीट समजून घ्यावा.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याचा स्कोअर होता 451.4. म्हणजे अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात. या प्रकारात लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त 10.4 मिमी असतो.

आता एक छोटं गणित करू. पॉइंट टू-टूची गोळी साधारण 325 मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. हवेचा विरोध सोडून दिला, तर 50 मीटर जायला तिला 0.15 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे 12 सेंमी खाली येते. हे खाली येणं साइट लावताना जमेस धरता येतं. पण एका गोळीचा वेग 320 आणि दुसरीचा 330 असेल, तर दोघींच्या उंचीत 7 मिमीचा फरक पडतो. नेमबाजाचा हात कितीही स्थिर असला तरी हा फरक त्याच्या हातात नाही. अंतर वाढलं की वेगातल्या फरकाचा परिणामही वाढत जातो.

या काडतुसात दारू पेटवणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं. त्यामुळे ते घरी पुन्हा भरून सुधारता येत नाही. नेमबाज एकच गोष्ट करू शकतो, ती म्हणजे लॉट निवडणं. एली, लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर रायफल पकडीत घट्ट बसवतात आणि वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात. माणसाची चूक बाजूला काढायची, एवढाच पकडीचा हेतू. एका रायफलला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही, म्हणून चाचणी आपल्याच रायफलवर करायची.

खरी गोम पुढे आहे. समजा दहा लॉट आहेत. प्रत्येकाच्या पाच गोळ्या झाडल्या आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजलं. सगळ्यात छोटा ग्रुप आला तो लॉट घेतला. बरोबर वाटतं ना? पण दहाही लॉट अगदी सारखे असते, तरी त्यातल्या सर्वांत छोट्या ग्रुपचं माप सरासरीच्या साधारण दोन-तृतीयांश आलं असतं, निव्वळ योगायोगाने. तुम्ही लॉट निवडला नाही, नशीब निवडलं.

पाच गोळ्यांवरून काढलेल्या विखुरण्याच्या मापात सुमारे 25 टक्के अनिश्चितता असते. 40 गोळ्यांवर ती 8 टक्क्यांच्या आसपास येते. दुसरं म्हणजे, दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर गोळ्या वाढल्या की आपोआप वाढतं. त्यामुळे पाचचा ग्रुप आणि दहाचा ग्रुप यांची तुलनाच होत नाही. शिवाय त्या मापात बाकीच्या छिद्रांची माहिती वाया जाते. त्याऐवजी ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राचं अंतर घ्या आणि त्यांची सरासरी काढा.

मग चाचणी कशी करायची?

1. सगळा 'अ' सकाळी आणि सगळा 'ब' दुपारी असं करू नका. धुळ्याची डिसेंबरातली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार आठवा. तापमानाने दारूचं जळणंही बदलतं. अ-ब-क, मग क-अ-ब असे आलटूनपालटून गट घ्या.
2. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजू नका. आधीच्या लॉटचं वंगण नळीत राहिलेलं असतं.
3. किती गोळ्या झाडायच्या ते आधीच ठरवा. निकाल आवडला म्हणून मध्येच थांबू नका.
4. पहिल्या फेरीतले दोन-तीन चांगले लॉट नव्याने तपासा आणि निर्णय फक्त दुसऱ्या फेरीच्या आकड्यांवर घ्या.

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा सुटतो. ज्या डेटावरून विजेता निवडला, त्याच डेटावरून तो किती चांगला आहे हे सांगता येत नाही. तुमच्याकडे काडतुसांऐवजी दहा कॅटॅलिस्ट असतील, दहा बियाण्यांची वाणं असतील किंवा दहा मॉडेल्स असतील. नियम तोच लागतो. सिनॉप्सिस लिहितानाच दुसऱ्या फेरीसाठी वेळ, पैसा आणि नमुने बाजूला ठेवा. नंतर ते उरत नाहीत.