उजेडाचा चिमटा

"आजोबा, उजेडाने काही ढकलता येतं?"

येतं तर! उन्हाचा रेटा तुमच्या अंगाला कळत नाही, एवढंच. अणूला मात्र तो चांगलाच कळतो. सोडियमच्या वाफेतला अणू सेकंदाला 500 मीटरहून जास्त वेगाने पळतो. समोरून आलेला प्रकाशाचा एक कण गिळला की त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 3 सेंटिमीटरने उतरतो. पण असे हजारो धक्के पापणी लवायच्या आत बसतात, आणि अणू जवळजवळ थांबतो. अणूंची पळापळ म्हणजेच उष्णता. ती थांबली की कडाक्याची थंडी.

"पण मागून धक्का बसला, तर तो जास्तच पळेल ना?"

शाबास! कोलाड स्टेशनाकडे गाडी येताना शिट्टी बारीक ऐकू येते, पुढे निघून गेली की जाड. अणूला प्रकाश तसाच चढा-उतरा भासतो. म्हणून लेसरचा सूर मुद्दाम किंचित उतरता ठेवायचा. लेसरकडे धावत येणाऱ्या अणूला तो नेमका हवा तसा वाटतो. तो प्रकाश गिळतो आणि धक्का खातो. लेसरकडे पाठ करून पळणारा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. याच विद्येला 1997चं नोबेल मिळालं. आपल्या पुण्यात, पाषाणच्या आयसरमध्येही रुबिडियमचे अणू असेच गार करतात.

रेणू मात्र भारी खट्याळ. तो पळतो, वर गिरक्या घेतो आणि थरथरतोही. प्रकाश गिळून परत टाकला की त्याची थरथर बदलते, आणि मग तोच लेसर त्याला चालत नाही. त्याला मूळ चालीवर आणायला आणखी लेसर लागतात. अमेरिकेत येल विद्यापीठात डेव्हिड डिमिल यांच्या गटाने 2010 साली स्ट्रॉन्शियम फ्लोराइडचा रेणू असा गार करून दाखवला.

"आणि चिमटा?"

तो आर्थर अश्किन यांचा. लेसर एका बिंदूवर एकवटला की बारीक कण सर्वांत उजळ जागी ओढला जातो आणि तिथेच अडकतो. बिंदू सरकवला की कणही सरकतो. त्यासाठी 2018 साली, वयाच्या 96व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये कांग-कुएन नी यांच्या गटाने एका चिमट्यात सोडियमचा एक अणू धरला, दुसऱ्यात सीझियमचा. दोघांना एकाच जागी आणलं, वर आणखी एक लेसर सोडला, आणि झाला रेणू तयार! परीक्षानळीत अब्जावधी अणू एकदम मिसळतात. इथे दोनच अणू होते, तेही निवडून उचललेले.