पगार कमी, पद खाली, तरी काम चालू

डाळीच्या डब्यात पैसे लपवणं आपल्याला नवीन नाही. आज अशा बाईची गोष्ट सांगते, जिने घरची पुंजी लेकीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून देश सोडला. तिचं नाव कातालिन कारिको.

तिचा जन्म १९५५ चा, युरोपातल्या हंगेरी देशातला. वडील खाटीक. लहानपणी घरात नळाचं पाणी नव्हतं. ती शिकून संशोधक झाली. १९८५ मध्ये निधी संपला आणि नोकरी गेली. अमेरिकेत काम मिळालं, पण सरकार बाहेर फार थोडे पैसे नेऊ देई. म्हणून गाडी विकून आलेले सुमारे ९०० पौंड अस्वलात लपवले आणि नवरा व दोन वर्षांच्या लेकीसह ती निघाली.

तिचा विषय एम-आरएनए. म्हणजे शरीरातल्या पेशींना काय बनवायचं ते सांगणारी चिठ्ठी. ती बाहेरून देऊन औषध करता येईल, असं कातालिनला वाटे. पण चिठ्ठी नाजूक, लगेच विरणारी. कोणाचा विश्वास बसेना, निधी मिळेना. १९९५ मध्ये तिला खालच्या पदावर आणलं. तेव्हाच कर्करोगाची शंका आली होती आणि नवरा व्हिसासाठी हंगेरीत अडकला होता.

तिने काम सोडलं नाही. नवऱ्यानेही सोड म्हटलं नाही. तुझे तास मोजले तर ताशी एक डॉलर पडतो, अशी तो थट्टा करी. पण घराचा भार त्यानेही उचलला.

बाहेरची चिठ्ठी आली की शरीर बिथरतं. चिठ्ठीतलं एक अक्षर किंचित बदललं तर ते थांबतं, हे तिने आणि सहकारी ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं. कोरोनाच्या फायझर व मॉडर्ना लसी त्यावरच उभ्या राहिल्या. आपल्याकडची कोविशील्ड वेगळ्या पद्धतीची. २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. लेक सुझनने नौकानयनात ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं जिंकली.

मैत्रिणींनो, कमी पगारावरून कामाची किंमत ठरत नाही. आणि बाईचं काम टिकतं ते घरातलं काम वाटलं गेलं तर. गटातली एखादी प्रशिक्षणाला जाणार असेल, तर त्या दिवशी तिच्या घरी स्वयंपाक कोण करणार, मुलांना कोण पाहणार, हे येत्या बैठकीत आधी ठरवा. त्यात घरच्या पुरुषांची नावंही येऊ द्या.