रेग्युलर सेव्हरचे ७ टक्के म्हणजे नक्की किती?
ब्रिटनमधल्या मंडळींनो, रेग्युलर सेव्हरवर ७ टक्के दिसले की आधी हिशेब मांडा. दरमहा २०० पौंड भरले की वर्षात २,४०० जमतात. व्याज मात्र साधारण ९१ पौंड, १६८ नाही. पहिला हप्ता बारा महिने कमावतो, शेवटचा जेमतेम एक. यात फसवणूक काही नाही, आपल्या आरडीचंही असंच असतं.

अशा खात्यासाठी मला बँकांपेक्षा बिल्डिंग सोसायट्या जास्त आवडतात. तिथे बाहेरचे भागधारक नसतात, सभासदच मालक. छोट्या सोसायट्यांचे दर अनेकदा सरस असतात. पण काही ठिकाणी स्थानिक पोस्टकोड लागतो, काही अजूनही पासबुक घेऊन शाखेतच बोलावतात. मध्येच पैसे काढता येतात का, हे आधी वाचाच. ठेवींचं संरक्षण दोन्हीकडे सारखंच: डिसेंबर २०२५पासून १,२०,००० पौंडांपर्यंत.