उपनगरातल्या घरात रेडॉन किती, धोका कुणाला?

रेडॉन हा युरेनियमच्या घराण्यातला वायू. खडकात आणि मातीत विखुरलेल्या युरेनियमचे विघटन होत होत रेडियम तयार होते आणि रेडियममधून रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचे अर्धायुष्य 3.8 दिवसांचे. जमिनीच्या भेगांतून वर येऊन घरात शिरायला तेवढा वेळ पुरतो. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो, बंद खोलीत मात्र साठतो.

खरे नुकसान रेडॉन नव्हे, त्याची पिलावळ करते. रेडॉन निष्क्रिय वायू असल्याने श्वासाबरोबर आत जातो तसा बहुतांशी बाहेरही येतो. पण त्याच्या विघटनातून पोलोनियम-218 आणि पोलोनियम-214 हे घन किरणोत्सारी अणू निर्माण होतात. ते हवेतल्या धुळीला, धुराला चिकटतात आणि श्वसननलिकांच्या अस्तरावर बसतात. त्यांच्यातून सुटणारे अल्फा कण शरीरात मिलिमीटरचा दहावा भागही ओलांडत नाहीत. पण ज्या पेशींत ते शिरतात त्यांच्या डीएनएचे धागे तोडतात. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांच्या छातीचा जुनाट आजार हा कर्करोग असल्याचे 1879 मध्ये नोंदले गेले, तेव्हा रेडॉनचा शोधही लागलेला नव्हता. 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. जगभरच्या फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी 3 ते 14 टक्के रेडॉनमुळे होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

रेडॉन मोजतात बेकरेल प्रतिघनमीटरमध्ये. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरांसाठी 100 बेकरेलची संदर्भ पातळी सुचवली आणि ती शक्य नसेल तेथेही 300 ओलांडू नये असे सांगितले. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने विद्यापीठांना सोबत घेऊन देशभर झालेल्या सुमारे 1500 घरांच्या सर्वेक्षणात सरासरी 23 बेकरेलच्या आसपास निघाली. जागतिक सरासरी 40 च्या घरात मानली जाते. तरीही 10 बाय 12 च्या, 9 फूट उंचीच्या खोलीत 20 बेकरेल पातळी असेल, तर त्या हवेत दर सेकंदाला सुमारे 600 रेडॉन अणू फुटत असतात. शून्य रेडॉनचे घर कुठेच नसते.

मुंबईच्या उपनगरांच्या बाजूने पहिली गोष्ट उभी आहे ती भूगर्भाची. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा डोंगर, मुलुंड-घाटकोपरच्या टेकड्या हा सारा ज्वालामुखीचा पसारा. गिल्बर्ट हिलचे सरळसोट खांब सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत. या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरेच कमी असते. मालाड ते गोराई-मनोरी पट्ट्यात फिकट रंगाचा ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइटही सापडतो. अशा खडकांत युरेनियम बेसॉल्टपेक्षा सहसा जास्त. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुना ग्रॅनाइट आणि नाइस आहे, त्यामुळे अंधेरीचा निष्कर्ष गोंदियाला लावता येत नाही.

स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याची भीती अधूनमधून पसरवली जाते. बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या हिशेबात डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसॉल्टचाच भाऊबंद असतो. खऱ्या ग्रॅनाइटच्या ओट्यातूनही खोलीत येणारा रेडॉन सहसा नगण्य असतो. त्याच्यासाठी ओटा उखडणे हा निव्वळ खर्च.

दुसरी गोष्ट इमारतींच्या रचनेची. रेडॉनचा मुख्य झरा जमीन, आणि उपनगरातली बहुसंख्य कुटुंबे जमिनीपासून वर राहतात. स्टिल्टखाली वाहने उभी असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर पोहोचणारा रेडॉन बहुतांशी भिंती-स्लॅबमधूनच येतो आणि तो थोडा असतो. खत कारखान्यातल्या फॉस्फोजिप्सममध्ये रेडियम असते; ते बांधकामात वापरण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घातली आहे. लक्ष द्यायला हवे ते तळमजल्याकडे: टेकडी फोडून मागची भिंत कातळाला टेकवलेल्या बैठ्या खोल्या, रात्रभर शटर बंद असणारे गाळे, जोत्याखालची गोदामे, तळघरातले जिम. आणि आता कुठल्याही मजल्यावरची, स्लायडिंग काचा लावून एसी सुरू असलेली शयनगृहेही. स्प्लिट एसी तीच हवा थंड करून पुन्हा सोडतो. बाहेरची आणत नाही.

मोजमाप स्वस्त आहे, पण घाईचे नाही. एलआर-115 नावाची लाल फिल्म एका डबीत घालून खोलीत तीन महिने टांगतात. अल्फा कण तिच्यावर सूक्ष्म जखमा करतात. नंतर फिल्म गरम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे दीड तास ठेवली, की त्या जखमा भोके बनतात आणि मोजता येतात. भाभा केंद्राच्या दुहेरी कपाच्या डोसमापीत एका कपात फक्त रेडॉन, दुसऱ्यात रेडॉन आणि त्याचा अल्पायुषी भाऊ थोरॉन दोन्ही शिरतात, म्हणून दोघांचा हिशेब वेगळा निघतो. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. खिडक्या, वारा, ऋतू यांनुसार पातळी हलते. भारतातल्या मोजमापांत ती हिवाळ्यात सहसा चढलेली आढळते.

उपायांत पहिला क्रमांक वायुवीजनाचा. समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघडल्या तरी साठलेला रेडॉन झपाट्याने उतरतो. एक खबरदारी मात्र हवी. तळमजल्यावर सगळे बंद करून फक्त एक्झॉस्ट किंवा चिमणी चालवली, तर खोलीतला दाब उतरतो आणि जमिनीतली हवा भेगांतून आत ओढली जाते. बाहेरची हवा यायला एक खिडकी उघडी हवी. लादीच्या सांध्यांतल्या आणि जोत्याच्या भेगा, पाइपांभोवतीची फट सिमेंट किंवा सीलंटने बुजवावी. मोरीचा नहाणी ट्रॅप कोरडा पडू देऊ नये. एअर प्युरिफायर धुळीला चिकटलेले अणू काही अंशी गाळतो, रेडॉन वायू गाळत नाही. अमेरिकेत फरशीखाली पाइप घालून पंख्याने हवा छपरावर सोडतात. तो उपाय सर्वांत परिणामकारक, पण उपनगरातल्या बहुतेक घरांना त्याची गरज भासणार नाही.

युरोपातल्या 13 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार रेडॉन दर 100 बेकरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे 16 टक्क्यांनी वाढते. ही वाढ धूम्रपान करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत टक्क्यांत सारखीच दिसते, पण ती मुळातल्या किती जोखमीवर होते याला महत्त्व आहे. 100 बेकरेलच्या घरात आयुष्यभर धूम्रपान न केलेल्या 1000 माणसांपैकी वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत सुमारे 5 जण या कर्करोगाने दगावतात. सिगारेट ओढणाऱ्या 1000 माणसांपैकी सुमारे 116. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्या धूम्रपान करणाऱ्याने रेडॉनमापक विकत घेण्याआधी सिगारेट सोडावी. खिडकी उघडण्याला तर काहीच खर्च नाही.