‘हकीकत’ची फौज: कोण गेले, कोण उरले

चीनने २० ऑक्टोबर १९६२ रोजी हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्या महिन्याभरात देशाला बसलेला धक्का पुढे कितीतरी वर्षे ओसरला नाही. जखम ओली असतानाच, १९६४ साली, चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ प्रदर्शित झाला. विजयावर चित्रपट काढणे सोपे असते. चेतन आनंद यांनी लडाखमधल्या माघारीवर चित्रपट काढला, आणि तोही प्रत्यक्ष लडाखच्या बर्फात, कृष्णधवल चित्रफितीवर. पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री प्रतापसिंह कैरों यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले. चित्रपट पंडित नेहरूंना आणि लडाखच्या जवानांना अर्पण केलेला आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला द्वितीय क्रमांकाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवण्यात आले.

कथानकावर रेझांग लाच्या लढाईची गडद छाया आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चुशुलजवळच्या त्या खिंडीत १३ कुमाऊँ पलटणीची एक कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. तिचे नेतृत्व करणारे मेजर शैतानसिंह यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. चित्रपटाने मात्र एकाच वीराला केंद्रस्थानी ठेवले नाही. थकलेली, भुकेली, घरच्या पत्राची वाट पाहणारी माणसांची एक अख्खी टोळी त्यात दिसते, आणि ‘हकीकत’चे खरे बळ या टोळीतच आहे. म्हणूनच त्यातल्या नटांची पुढची वाटचाल पाहताना नायक-नायिकेपुरते थांबता येत नाही.

या फौजेतून सर्वांत आधी गेले बलराज साहनी. मेजर रणजितसिंह या भूमिकेत त्यांनी वरून येणारे आदेश आणि समोर पडणारी माणसे यांच्या कात्रीत सापडलेला अधिकारी उभा केला. आवाज न चढवता संताप दाखवण्याची त्यांची हातोटी या भूमिकेत सतत जाणवते. अभिनयाच्या दृष्टीने चित्रपटाचा कणा तेच आहेत. रावळपिंडीत १९१३ साली जन्मलेल्या बलराजजींनी आधी शांतिनिकेतनात शिकवले, मग वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या कामात भाग घेतला आणि तिथून ते बीबीसीच्या हिंदी विभागासाठी लंडनला गेले. ‘दो बिघा जमीन’ने त्यांना अढळ स्थान दिले होतेच. ‘गर्म हवा’ हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. त्याचे ध्वनिमुद्रण आटोपले आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहायला मिळाला नाही.

ब्रिगेडियरची भूमिका करणारे जयंत, म्हणजे पेशावरचे झकेरिया खान, २ जून १९७५ रोजी गेले. त्यांचा मुलगा अमजद खान ज्या चित्रपटाने रातोरात घराघरांत पोहोचला तो ‘शोले’ त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी लागला. मुलाचे ते यश बापाला दिसले नाही. ‘हकीकत’चे संगीतकार मदनमोहनही त्याच वर्षी, १४ जुलैला गेले.

‘शोले’शी ‘हकीकत’चे आणखी एक नाते आहे. गब्बरच्या अड्ड्यावर खडकावर बसलेला सांभा, म्हणजेच मॅकमोहन, यांनी पडद्यावर पहिले पाऊल टाकले ते ‘हकीकत’मध्येच. मूळ नाव मोहन माखीजानी, जन्म कराचीचा. मुंबईला आले ते क्रिकेटपटू होण्याच्या ध्यासाने. पुढे खलनायकाच्या साथीदाराच्या अगणित भूमिका त्यांनी केल्या. १० मे २०१० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सुधीर यांचीही वाट अशीच. ‘हकीकत’मधला कोवळा जवान पुढे सत्तरच्या दशकात गुंडांच्या टोळ्यांमध्ये दिसू लागला. ते मे २०१४ मध्ये गेले.

प्रिया राजवंश यांची कहाणी या सगळ्यांत अधिक चटका लावणारी आहे. सिमल्यात जन्मलेल्या, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकलेल्या या अभिनेत्रीला चेतन आनंद यांनी लडाखी तरुणी आंगमोच्या भूमिकेत प्रथम पडद्यावर आणले. त्यांच्या हिंदी उच्चारांवर पुढे बरीच टीका झाली. परंतु आंगमोला ती परकी लकब शोभून दिसते. ‘हीर रांझा’, ‘हंसते जख्म’, ‘हिंदुस्तान की कसम’, ‘कुदरत’ अशी त्यांची जवळजवळ सारी कारकीर्द चेतन आनंद यांच्याच चित्रपटांत गेली, आणि आयुष्यही त्यांच्याच सोबतीत. चेतन आनंद ६ जुलै १९९७ रोजी गेले. पुढे तीनच वर्षांत, २७ मार्च २००० रोजी, जुहूच्या बंगल्यात प्रिया राजवंश यांचा खून झाला. मालमत्तेच्या वादाशी जोडलेला तो खटला बरेच दिवस वर्तमानपत्रांत गाजला. त्या गदारोळात त्यांच्यातली अभिनेत्री झाकली गेली, हा त्यांच्यावर अन्यायच झाला.

चेतन यांचे धाकटे भाऊ विजय आनंद यात मेजर प्रीतमसिंह झाले आहेत. ‘गाइड’, ‘तीसरी मंजिल’, ‘ज्वेल थीफ’ देणारा हा दिग्दर्शक नट म्हणून फारसा लक्षात घेतला जात नाही. ‘हकीकत’ पाहिल्यावर ते चूक वाटते. २३ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘हकीकत’मध्ये दिसलेल्या अचला सचदेव यांचा शेवटचा काळ पुण्यात गेला. पेशावरला जन्मलेल्या अचलाबाई पडद्यावरची आई आणि आजी म्हणून तीन पिढ्यांना ठाऊक आहेत: ‘वक्त’मध्ये बलराज साहनींची पत्नी, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये आजी. पतीच्या निधनानंतर त्या पुण्यात एकट्याच राहत. हयातीतच त्यांनी आपले घर जनसेवा फाउंडेशनला देऊन टाकले आणि संस्थेने त्यांची देखभाल केली. घरात पडून पाय मोडल्यानंतर त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. ३० एप्रिल २०१२ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

बर्फात अडकलेले जवान घरच्या आठवणीने एकामागून एक गाऊ लागतात, ते कैफी आझमींचे गीत चार गायकांनी मिळून गायले आहे: मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि तेव्हा अगदीच नवखे असलेले भूपिंदरसिंग. भूपिंदर या गाण्यात पडद्यावरही दिसतात. दिल्लीच्या आकाशवाणीवरच्या या तरुणाला मदनमोहन यांनी हेरून मुंबईला आणले होते. रफी १९८०, तलत १९९८, कैफी २००२ आणि मन्ना डे २०१३ मध्ये गेले. भूपिंदर १८ जुलै २०२२ रोजी. चौघांतला एकही आवाज आता उरलेला नाही.

कॅप्टन बहादूरसिंह साकारणाऱ्या धर्मेंद्र यांना रुपेरी पडद्यावर येऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. ‘फूल और पत्थर’चे यश अजून दोन वर्षे दूर होते. सोबत्यांना निसटता यावे म्हणून आंगमोसह चिन्यांना थोपवून धरणाऱ्या या कॅप्टनमध्ये पुढच्या ‘ही-मॅन’चा मागमूस नाही. लाजरा, हळवा, कर्तव्याला न चुकणारा असा तो तरुण आहे. २४ नोव्हेंबर २०२५ रोजी, नव्वदीला दोन आठवडे उरले असताना, धर्मेंद्र यांचे मुंबईत निधन झाले. रेझांग लावरचाच ‘१२० बहादूर’ हा नवा चित्रपट त्याच्या तीनच दिवस आधी प्रदर्शित झाला होता. त्यांचा स्वतःचा ‘इक्कीस’ त्यांच्या पश्चात लागला. १९७१च्या युद्धात एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते अरुण खेत्रपाल यांच्या वडिलांची भूमिका त्यांनी त्यात केली आहे. तरुणपणी पडद्यावर हुतात्मा झालेला नट उतारवयात हुतात्म्याचा बाप झाला.

या फौजेतल्या हयात नामवंतांत संजय खान यांचे नाव घ्यावे लागते. जन्म १९४१ चा. ‘हकीकत’ आणि ‘दोस्ती’ हे दोन्ही चित्रपट त्यांचे एकाच वर्षी आले. जवानाची छोटीशी भूमिका करून सुरुवात केलेल्या संजय खान यांनी पुढे नायक, निर्माता आणि दिग्दर्शक म्हणून जम बसवला. ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या चित्रीकरणावेळी फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हैसूरच्या स्टुडिओला भीषण आग लागली. त्यात अनेकांचा बळी गेला आणि संजय खान स्वतः गंभीर भाजले. अनेक शस्त्रक्रियांनंतर ते सावरले, मालिका त्यांनी पुरी केली आणि टिपूची भूमिकाही स्वतःच निभावली.