मोसंबीचा पांढरा पापुद्रा

जालन्याची मोसंबी सहजासहजी सुटत नाही. संत्र्याची साल नुसत्या नखाने निघते; इथे विळी लागते. हिरवट-पिवळी साल उतरली की खाली कापसासारखा पांढरा थर दिसतो. घरोघरी तो खरवडून टाकतात. मी मात्र वर्षानुवर्षे फोड त्याच्यासकट खाते.

या फळाचं मला वेडच आहे. अंबे बहार, म्हणजे हिवाळ्यानंतरचा फुलोरा, धरायचा तर शेतकरी हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात. 'झाड ताणावर आहे' म्हणतात, तेव्हा पानं मलूल होऊन गळू लागतात आणि बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. मग पाणी सोडलं की बाग फुलाने भरते, तो वास बांधापर्यंत येतो. ती फळं दिवाळीच्या सुमारास बाजारात दिसतात. 2012-13च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, बदनापूरकडे लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन बागा जगवल्या. ज्यांना ते जमलं नाही त्यांनी वाळलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. 2016 साली 'जालना मोसंबी'ला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरचंच कोणी पास झाल्यासारखं वाटलं.

अंबडच्या माझ्या मावशीला बरीच वर्षं 'शुगर' आहे. फोड पुढे केली की म्हणते, "नको गं, गोड आहे. मी आपली क जीवनसत्त्वाची गोळी घेते." आणि उपवासाच्या दिवशी पेलाभर मोसंबीचा रस पिते! एका पेल्यात तीन-चार फळं जातात, चोथा मात्र बादलीत.

गोळीमागचा विचार थोडक्यात असा: रक्तात साखर चढी राहिली की पेशींत ऑक्सिजनचे अस्थिर रेणू वाढतात, रक्तवाहिन्यांना इजा करतात, क आणि ई जीवनसत्त्वं त्या रेणूंना शमवतात. तर्क सरळ आहे, पण प्रयोगांतून तेवढं सरळ उत्तर आलं नाही. अमेरिकेत 6,574 बायकांना क, ई, बीटा-कॅरोटीन किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन सरासरी नऊ वर्षं पाहिलं. 2009 साली निकाल आला, मधुमेह टळला नाही. आयोवात मधुमेह असलेल्या, पाळी गेलेल्या 1,923 बायकांची पाहणी झाली. गोळ्यांतून भरपूर क घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू जास्त आढळले, अन्नातून घेणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. ही नुसती पाहणी, तिच्यावरून कारण सिद्ध होत नाही. उलट बाजूही सांगते: ऑस्ट्रेलियातल्या 31 रुग्णांच्या चाचणीत दिवसातून दोनदा 500 मिलिग्रॅम क घेतल्यावर जेवणानंतरची साखर कमी झाली. आशा वाटावी असं आहे, पण 31 माणसांवरून मावशीसाठी गोळी ठरवता येणार नाही.

मला सगळ्यात खटकलं ते जर्मनीतलं 2009चं संशोधन. तरुणांनी व्यायामासोबत क आणि ईच्या मोठ्या मात्रा घेतल्या, तर व्यायामाने इन्सुलिनच्या कामाला होणारा फायदाच बुजला. संशोधकांचं म्हणणं असं, की पेशींना थोडा त्रास झाला तर त्या सावरायला शिकतात. ताण दिलेलं मोसंबीचं झाड मला तेव्हा नव्याने कळलं.

म्हणून मी पुन्हा त्या पापुद्र्याकडे येते. त्यात पेक्टिन नावाचं तंतुद्रव्य असतं, ते साखर आतड्यातून सावकाश शोषू देतं. हेस्पेरिडिन नावाचं द्रव्यही असतं; ते मधुमेहाचं औषध ठरलेलं नाही, पण फळातून फुकट मिळतं. रस गाळला की यातलं बरंचसं चोथ्यात राहतं आणि साखर पेल्यात उतरते. सुमारे 1,87,000 लोकांच्या एका दीर्घ अभ्यासात रस जास्त पिणाऱ्यांना मधुमेह अधिक झाला, रसाऐवजी आख्खं फळ खाल्ल्यास धोका घटतो असं दिसलं.

मावशीला मी अर्धी मोसंबी जेवणाच्या हिशेबात धरून, पापुद्र्यासकट खायला लावली. चेहरा कडवट केला, पण खाल्ली.

तुमच्या घरात मधुमेह असलेली बाई असेल तर तिच्या सगळ्या 'ताकदीच्या' गोळ्यांची पाकिटं पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर चुकीचा आकडाही दाखवतात, तेही विचारून घ्या. आणि या दिवाळीत पाहुण्यांपुढे रस ठेवू नका, फोडी ठेवा.